काचकांडीने ढवळले

६ जानेवारी, सोमवार

दुसरी काचकांडी फुटली. फुटतूट-वहीत नोंद केली, सही केली. मार्गदर्शक बाईंनी चष्म्यावरून पाहून घेतलं. प्रयोगशाळेचा नियम असा, की तिसऱ्या कांडीला नुसती नोंद पुरत नाही. फोडणाऱ्याने पहिल्या वर्षाच्या मुलांसमोर उभं राहून काचकांडी कशी धरावी याचं प्रात्यक्षिक द्यायचं. वय अठ्ठेचाळीस, संस्कृत घेऊन एम.ए., चोवीस वर्षं विमा कचेरीचा पत्रव्यवहार सांभाळला — आणि आता बी.एस्सी.च्या तिसऱ्या वर्षाला येऊन कांडी धरून दाखवणार!

सोळाव्या वर्षी विज्ञानच हवं होतं. घरात तीन पिढ्या संस्कृतच्या. वडील म्हणाले, पदार्थाचं काय शिकायचं, शब्द शिक. शिकले. नोकरीतून लवकर सुटका करून घेतली त्या दिवशी नवऱ्याने विचारलं, आता पुढे? म्हटलं, आता पदार्थ.

प्रकल्पात माझी जोडीदार भिंगरी. नाव दुसरंच आहे, पण वीस वर्षांची ही पोर एका जागी उभी राहिलेली मी अजून पाहिली नाही. सगळा वर्ग मला काकू म्हणतो, तीही म्हणते. काम असं : तळमजल्यावर, रसायनशास्त्रात, दोन पदार्थ अल्कोहोलमध्ये एकत्र तापवायचे, गार झालं की पिवळी पूड खाली बसते. ती वाळवून बावन्न पायऱ्या चढून जीवशास्त्रात न्यायची आणि जीवाणूंनी भरलेल्या बशीत मधोमध ठेवायची. जीवाणू मेले तर पुडीभोवती स्वच्छ वर्तुळ उमटतं. ते मिलिमीटरमध्ये मोजायचं. एवढ्यासाठी विद्यापीठ पदवी देतं.

खालच्या मार्गदर्शक बाई — शुद्धिपत्रक. (नाव मी ठेवलेलं, पाना, फक्त तुला ठाऊक.) कुणी ‘सुप्रभात’ म्हटलं तर घड्याळात पाहून ‘बारा वाजून गेलेत’ असं सांगणाऱ्या. वरचे सर — निर्जंतुक. दाराला हात लावायच्या आधी हात धुतात, लावल्यावर धुतात. मधे वेळ मिळाला तर शिकवतात. दोघं एकमेकांशी बोलत नाहीत. अकरा वर्षांपूर्वी एका फ्रिजच्या मालकीवरून बिनसलं म्हणे. फ्रिज केव्हाच भंगारात गेला, अबोला अजून थंडगार आहे. निरोप चिठ्ठ्यांतून जातात आणि चिठ्ठ्या आम्ही नेतो. चोवीस वर्षांचा अनुभव कामी आला म्हणायचा.

९ जानेवारी, गुरुवार

तीन घाणे झाले. प्रयोगशाळेत बॅच म्हणतात, मला घाणाच बरा वाटतो. जीवाणू खुशाल आहेत. बाळसं धरताहेत. सर म्हणाले, तुमची पूड त्यांना मानवलेली दिसते.

भिंगरीच्या तोंडचं पाणी पळालंय. उन्हाळ्यात एका मोठ्या संशोधन संस्थेत दोन जागा आहेत. अर्जासोबत सरांचं शिफारसपत्र लागतं, मुदत १० फेब्रुवारी. निवड झाली तर पुढचं शिक्षण तिथेच. नाही झाली तर मामाच्या छापखान्यात मुद्रितं तपासायला बसवायचं घरात ठरलंय. “काकू, मला शब्दांचा कंटाळा आहे हो,” म्हणाली.

कुणापाशी बोललीस, बाई! पण मला राग आला नाही. 

१५ जानेवारी, बुधवार

तिसरी कांडी. फुटली. चौथा घाणा ऐन उकळीत असताना, पात्राच्या तळाशी, निम्मी हातात आणि निम्मी आत. आतली चिमट्याने काढली.

भिंगरी वर बशा ओतायला गेलेली. बाई मीटिंगला. दुसरी कांडी कपाटात, कपाटाची किल्ली बाईंच्या पर्समध्ये, आणि ढवळणं थांबवलं तर घाणा तळाला लागणार. सकाळी वायरमन पंखा दुरुस्त करून गेला होता. खिडकीत त्याची वीतभर जाड तार पडली होती, साल काढलेली, तांब्याची. धुतली, त्यानेच ढवळलं. अर्धा तास. नंतर पुसून खिडकीची कडी निसटत होती तिला गुंडाळली. दोन कामं झाली.

प्रयोगवहीत लिहिलं : ‘काचकांडीने ढवळले.’

लिहिताना हात अडला नाही, हे खरं. चोवीस वर्षं हेच केलं. जे घडलं ते साहेबांच्या खोलीत राहायचं. जे घडायला हवं होतं ते फायलीत जायचं. घाणा या वेळी जरा हिरवट दिसला. आधीचे तीन पिवळे होते. वहीत एकसारखं दिसावं म्हणून ‘पिवळसर’ लिहिलं. हिरव्यात पिवळा असतोच की!

कांडीचे तुकडे कागदात गुंडाळून घरी आणलेत. उद्या बाहेरून नवी आणून गुपचूप स्टँडमध्ये उभी करीन. फुटतूट-वही कोरी. प्रात्यक्षिक टळलं.

पाच वाजता बाई आल्या, पर्स खांद्यावर. वहीच्या प्रत्येक पानाखाली मार्गदर्शकाने ‘पाहिले’ लिहून सही करायची असते, त्याशिवाय पानाला किंमत नाही. पात्र त्यांच्या नाकासमोर होतं. ‘पाहिले’, सही, तारीख. म्हणाल्या, “अक्षर सुंदर आहे.”

१६ जानेवारी, गुरुवार

चौथा घाणा चिमूटभरच निघाला. सगळा बशांत गेला. बशा उबेला.

१७ जानेवारी, शुक्रवार

एकोणीस!

मी खाली भांडी घासत होते. भिंगरी बावन्न पायऱ्या उतरून आली — उतरली कसली, ओतली गेली — आणि दारात उभी राहिली. खरंच उभी राहिली. “काकू, एकोणीस मिलिमीटर. तिन्ही बशांत.” मग तिने मला उचललं. मी काही हलकी नव्हे.

वर जाऊन बघते तर बशा ऑटोक्लेव्हमध्ये. मोजून झालं की लगेच वाफेत घालून जीवाणू मारायचे, हा सरांचा नियम. मोबाइल दाराबाहेरच्या टोपलीत ठेवायचा, हाही त्यांचाच. म्हणून फोटो नाही. सर दुपारी बाहेर होते. पाहिलं ते भिंगरीने, मोजलं भिंगरीने. पण एकोणीस म्हणजे एकोणीस. घरी येऊन नवऱ्याला सांगितलं. तो नकाशे काढणारा माणूस; मापाबद्दल त्याला आदर आहे. म्हणाला, कोणत्या प्रमाणात?

२४ जानेवारी, शुक्रवार

पाचवा घाणा : शून्य. सहावा : शून्य.

दोन्ही पिवळेधमक, देखणे, आणि निरुपयोगी. सरांची चिठ्ठी खाली आली : ‘चौथ्या बॅचचा पदार्थ तोच होता का?’ बाईंची वर गेली : ‘वही स्पष्ट आहे. पद्धत तीच, रंग तोच. वर मोजताना काय झाले ते वर पाहावे.’ दोन्ही मीच नेल्या. 

चौथा घाणा म्हणजे पोथीतला पाठभेद झालाय. पाच प्रतींत एक वाचन, एकीत दुसरंच. अशा वेळी जुने टीकाकार दोन गोष्टी म्हणत : एक तर लेखनिक झोपेत होता, किंवा कुणीतरी मागून घुसवलंय.

२९ जानेवारी, बुधवार

सातवा : शून्य.

बाईंनी माझी प्रयोगवही पहिल्या वर्षाच्या मुलांना दाखवली. नमुना म्हणून! नोंद कशी असावी, नेटकी, एकसंध, खाडाखोड नाही. मुलांनी वळून माझ्याकडे पाहिलं. मी विनयाने खाली पाहिलं. अशी संधी आयुष्यात फार वेळा आली नाही.

३१ जानेवारी, शुक्रवार

सरांनी दोघींना बोलावलं. हात धुतले, पुसले, बसले. ते वाईट माणूस नाहीत, म्हणून जास्त अवघड गेलं. भिंगरीला म्हणाले, आनंदाच्या भरात आकडा मोठा वाटतो, मलाही तुझ्या वयात वाटायचा. तसं असेल तर सांग, इथेच संपेल. ती म्हणाली, एकोणीसच होता सर. आणि पूड हिरवी होती. सरांनी खालून मागवलेली वही उघडली, माझ्या सुंदर अक्षरावर बोट ठेवलं. ‘पिवळसर’. खाली बाईंची सही.

“तू हिरवी म्हणतेस, वहीत पिवळी आहे, आणि ती पाहणाऱ्यांनी पाहिलेली आहे. मी कुणाचं धरू?”

ती माझ्याकडे बघायला लागली. मी म्हटलं, जरा हिरवट झाक होती खरी. सर म्हणाले, काकू, तुम्ही मायेपोटी बोलताय.

शिफारसपत्र देणार नाहीत. न झालेलं मोजणाऱ्या मुलीला मी त्या संस्थेत पाठवू शकत नाही, म्हणाले. भिंगरी रडली नाही. खाली येऊन सगळी भांडी घासली. घासलेलीच होती.

२ फेब्रुवारी, रविवार

नवऱ्याने कुठेतरी वाचलं की तांब्याच्या भांड्यातलं पाणी आरोग्याला चांगलं. आणखी कुठेतरी वाचलं की लिंबूपाणीही चांगलं. दोन्ही वाचनांचा समन्वय करून त्याने काल तांब्याच्या भांड्यात लिंबू पिळून ठेवलं. आज सकाळी ओतायला गेला. पाणी हिरवट.

“हे असं का झालं, विद्यार्थिनी?” त्याने विचारलं.

म्हटलं, अरे, आंबटाने तांबं सुटतं, पाण्यात उतर— आणि तिथेच थांबले. तोंड उघडंच राहिलं असावं, कारण तो म्हणाला, मी प्यायलो नाहीये.

हात न पुसता इथे आले, पानं मागे उलटली. पंधरा जानेवारी. ‘धुतली, त्यानेच ढवळलं. अर्धा तास.’

अठरा दिवस! डोळ्यांसमोर. आमच्या मिश्रणात आम्लाचे थेंब असतातच. तांबं सुटून त्या पुडीला धरून बसलं. हिरवं दिसलं ते तांबं, जीवाणू मारले ते तांब्याला धरलेल्या पुडीने. पाठभेद खरा होता, घुसवणारी मी, आणि झोपेतली लेखनिकही मीच.

आणि पोर खरं बोलत होती. एकोणीस होते. हिरवी होती. माझ्या वहीने तिला खोटं पाडलं.

दिवसभर काही खाल्लं नाही. नवऱ्याने दोनदा चहा ठेवला, दोनदा नेला.

३ फेब्रुवारी, सोमवार

आधी भिंगरीला सांगितलं. भांडी घासायच्या जागेपाशी, नळ सोडून, म्हणजे दुसऱ्या कुणाला ऐकू जायला नको. ती ऐकत राहिली. मग नळ बंद केला.

“काकू, तुम्ही वहीत खोटं लिहिलंत?”

“नीटनेटकं लिहिलं गं.”

“तेच विचारतेय.”

 चोवीस वर्षांत हा प्रश्न कुणी विचारला नव्हता. ती खिडकीपाशी गेली, कडीची तार सोडली, उजेडात धरली. वीतभर तारेचा खालचा भाग खरबरीत झालाय. म्हणाली, “ही मी कडीला बघत होते रोज.” रागावली आहे. पण तार रुमालात घडी करून ठेवताना हात हळू चालत होते.

मग बाईंकडे. सगळं सांगितलं. कांडी, तार, रंग, कोरी फुटतूट-वही. शुद्धिपत्रक ऐकताना काही दुरुस्त करत नव्हत्या, हे फार भयंकर वाटलं. शेवटी म्हणाल्या, हे तुम्ही आज सांगताय. मुलीचं पत्र अडल्यावर. त्या दिवशीच लिहिलेलं, तारखेनिशी, काही आहे?

म्हटलं, आहे. पण ते खासगी आहे.

“मग नाही म्हणायचं का?”

बाई, ते ज्या वहीत आहे त्याच वहीत तुमचं नाव शुद्धिपत्रक आहे — हे कसं सांगू? म्हटलं, उद्या आणते.

संध्याकाळी दाराला कडी लावून बसले. पहिला विचार : पान फाडून न्यावं. पण फाटक्या पानाचा पुरावा विमा कचेरीतसुद्धा कधी चालला नाही. दुसरा विचार : नवी वही आणावी, सगळं पुन्हा लिहून काढावं, तेवढी नावं गाळून. नेटकं, एकसंध, खाडाखोड नाही.

पेन उघडलंही होतं. एक ओळ लिहिलीही — ‘६ जानेवारी, सोमवार. आदरणीय बाईंनी’ — आणि मग माझं मलाच हसू फुटलं. नवरा दाराबाहेरून म्हणाला, ठीक आहेस ना?

ही अशीच जाईल. उद्या. निरोप घेते, पाना. तुला मी दुसऱ्या कुणासाठी लिहिलं नव्हतं.

४ फेब्रुवारी, मंगळवार (पाठकोऱ्या कागदावर. वही त्यांच्याकडे.)

दिली. खाकी पाकिटात घालून. पाकिटावर ‘खासगी’ लिहावं की ‘पुरावा’, ते कळेना, म्हणून काहीच लिहिलं नाही. “पंधरा तारखेचं पान पाहिलंत तरी पुरे,” म्हटलं. बाई म्हणाल्या, मी पुस्तक मधून वाचत नाही.

आठवा घाणा भिंगरी आणि मी मिळून केला. तीच तार.  मिश्रण हिरवं व्हायला लागलं तेव्हा तिने कोपराने मला ढोसलं.

५ फेब्रुवारी, बुधवार (कागद)

आक्रीत. बाई स्वतः जिना चढल्या. सर उतरले. सव्विसाव्या पायरीवर दोघं उभे, मधे खाकी पाकिटातली माझी वही. अकरा वर्षांनी! मी चिठ्ठी घेऊन निघाले होते ती तशीच मागे फिरले. वरून बाईंचा आवाज आला : “फ्रिजबद्दल तिने चुकीचं लिहिलंय. बिनसलं ते चाव्यांवरून.” सर म्हणाले, फ्रिजवरूनच. चांगली दहा मिनिटं वाद चालला. मग सर वर गेले. नळाचा आवाज आला.

नवरा म्हणतो, त्यात माझ्याबद्दल काय लिहिलं होतंस? म्हटलं, चांगलंच. तो म्हणाला, मग दुसऱ्यांना दाखवायला काय झालं. लिंबाच्या भांड्याचंही लिहिलंय, हे त्याला सांगितलेलं नाही अजून.

७ फेब्रुवारी, शुक्रवार (कागद)

सरांनी काल चार प्रकारच्या बशा लावल्या, स्वतःच्या हाताने : नुसतं द्रावण, नुसती पिवळी पूड, नुसतं तांबं, आणि आमची हिरवी पूड. आज स्वतः मोजल्या. मोबाइलच्या टोपलीतून स्वतःचा फोन काढून आत आणला, फोटो घेतला. त्या फोनला मी आयुष्यात पहिल्यांदा त्या खोलीत पाहिलं.

द्रावण शून्य. पिवळी शून्य. तांबं नऊ. हिरवी अठरा.

सर म्हणाले, “अठरा. एक मिलिमीटर कमी.” भिंगरी म्हणाली, “तार झिजलीय सर.” आणि सर हसले. मग खुर्ची ओढून तिथेच पत्र लिहायला बसले. पहिलं वाक्य मला दिसलं : ‘ही विद्यार्थिनी दिसेल तेच मोजते, आणि कुणी मानलं नाही तरी तेच सांगते.’ बाकीचं दिसलं नाही, डोळ्यांत काहीतरी गेलं होतं.

जिन्यात भिंगरी म्हणाली, काकू, मी अजून रागावलेली आहे. म्हटलं, राहा. किती दिवस? म्हणाली, बघू, मोजून सांगते.

१० फेब्रुवारी, सोमवार (कागद)

अर्ज गेला. सकाळी.

दुपारी पहिल्या वर्षाच्या मुलांसमोर प्रात्यक्षिक. काचकांडी तीन बोटांत धरावी, तळाला टेकवू नये, आणि फुटली तर फुटली म्हणून लिहावं. शेवटचं वाक्य अभ्यासक्रमात नव्हतं. एका मुलाने विचारलं, काकू, आणि तारेने ढवळलं तर? म्हटलं, तर तार लिहायची. भिंगरी मागच्या बाकावर बसून सगळं टिपून घेत होती. एकदाही उठली नाही.

११ फेब्रुवारी, मंगळवार

वही परत आली. खाकी पाकीट, वर काही नाही.

प्रत्येक पानाखाली लाल शाईत ‘पाहिले’. दुरुस्त्या जागोजाग : वायरमन आदल्या दिवशी आला होता; मी ‘सुप्रभात’ला असं कधीच म्हटलेलं नाही; पायऱ्या त्रेपन्न आहेत. पंधरा जानेवारीच्या पानाखाली मात्र ‘पाहिले’ नाही. तिथे लिहिलंय : ‘या तारखेची प्रयोगवहीवरची माझी सही न वाचता केलेली आहे. पात्र समोर होते. हिरवे होते. सरांना लेखी कळवले.’

खाली नाव नाही. लिहिलंय : शुद्धिपत्रक.